आर्चबिशप मार इवानियोस : ऐक्यासाठी सर्वस्व सोडणारा मेंढपाळ

१४ मार्च २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी केरळमधील सिरो-मलंकरा कॅथलिक ख्रिस्तसभेचे पहिले आर्चबिशप मार इवानियोस यांच्या वीरोचित सद्गुणांना मान्यता दिली आणि त्यांना 'वंदनीय' ही पदवी प्राप्त झाली. संतपदाच्या वाटेवरील हा एक महत्त्वाचा टप्पा होय. केरळच्या ख्रिस्ती समाजात त्यांचे नाव घरोघरी घेतले जाते. महाराष्ट्रातील कॅथलिक भाविकांनाही त्यांचा परिचय असणे अगत्याचे आहे, कारण त्यांच्या ख्रिस्तसभेचे एक घर आपल्या अंगणातच आहे. पुण्याजवळ खडकी येथे २०१५ साली संत एफ्रेम यांच्या नावाने त्या सभेचे प्रशासकीय क्षेत्र निर्माण झाले आणि २०१९ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

ख्रिस्तसभेत अधिकाराची गरज काय, प्रत्येक भाविकाने आपापल्या श्रद्धेनुसार चालले तर काय बिघडेल, असा प्रश्न आज अनेक सुशिक्षित कॅथलिक विचारतात. मार इवानियोस यांना हा प्रश्न पुस्तकातून पडला नाही. तो त्यांच्या आयुष्याच्या मध्यावर येऊन उभा राहिला, आणि त्याच्या उत्तराची किंमत त्यांनी स्वतः मोजली.

एका प्राचीन सभेची जखम

प्रेषित संत थॉमस यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सुवार्ता आणली, अशी केरळच्या ख्रिस्ती लोकांची दृढ परंपरा आहे. शतकानुशतके हे लोक सिरियाक भाषेत उपासना करीत आले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना येथे एक जिवंत, प्राचीन ख्रिस्तसभा आढळली. दुर्दैवाने तिची वेगळी उपासना पाहून अनेकांना तिच्या श्रद्धेविषयीच शंका आली. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी १५९९ साली उदयम्पेरूर येथे सिनड भरवली. या सिनडने तेथील उपासनेवर लॅटिन पद्धतीची छाप पाडली आणि अनेक सिरियाक ग्रंथ दुरुस्तीसाठी मागविले. त्यांतील काही जाळण्यात आले. हेतू ऐक्याचा होता, परंतु मार्ग बळजबरीचा होता.

त्याचे फळ ५४ वर्षांनी दिसले. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरी येथे मोठ्या जनसमुदायाने क्रूसाला साक्षी ठेवून शपथ घेतली की, यापुढे आम्ही येशूसंघीय धर्माधिकाऱ्यांची आज्ञा मानणार नाही. ही घटना कूनन क्रूसाची शपथ म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढील काही वर्षांत अनेक जण रोमशी असलेल्या सहभागितेत परतले. उरलेल्यांनी १६६५ पासून अंत्युखियाच्या सिरियन परंपरेशी नाते जोडले. एकाच प्रेषिताची लेकरे दोन घरांत विभागली गेली. यापैकी दुसऱ्या घरात मार इवानियोस यांचा जन्म झाला.

'एम.ए. अच्चन'

२१ सप्टेंबर १८८२ रोजी मावेलिक्करा येथील पणिक्कर कुटुंबात जन्मलेल्या या बालकाचे नाव गीवर्गीस, म्हणजे आपल्याकडचे जॉर्ज. कोट्टायम येथील सेमिनरी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गेले आणि तेथून एम.ए. झाले. त्या काळी त्यांच्या सभेतील धर्मगुरूंमध्ये ही पदवी अपूर्वच होती. १९०८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि लोक त्यांना 'एम.ए. अच्चन' म्हणू लागले. मल्याळम भाषेत अच्चन म्हणजे पिता. ज्या शाळेत ते शिकले, तिचेच ते मुख्याध्यापक झाले.

तरुण फादर गीवर्गीस यांच्यासमोर उज्ज्वल भविष्य होते, परंतु त्यांची सभा मात्र अंतर्गत कलहाने पोखरली जात होती. मलंकरा सभेवर अंतिम अधिकार कोणाचा, अंत्युखियाच्या पॅट्रिआर्कचा की येथील मेट्रोपोलिटनचा, असा हा वाद होता. १९११ साली पॅट्रिआर्क अब्दुल्ला यांनी मेट्रोपोलिटन वट्टशेरिल मार दियोनिसियोस यांना सभेतून बहिष्कृत केले. दुसऱ्या बाजूने अब्दुल मसीह या दुसऱ्या पॅट्रिआर्कना पाचारण करण्यात आले. तुर्की सुलतानाने त्यांची मान्यता काढून घेतलेली होती. त्यांनी १९१२ साली निरणम येथे 'कॅथोलिकोस' या स्वतंत्र प्रमुखपदाची स्थापना केली. या कार्यात फादर गीवर्गीस यांचा पुढाकार होता. आपल्याच भूमीत प्रमुख असला म्हणजे भांडण मिटेल, अशी त्यांची प्रामाणिक आशा होती.

भांडण मिटले नाही. सभेत पॅट्रिआर्कचा पक्ष आणि मेट्रोपोलिटनचा पक्ष असे दोन तट पडले. १८०८ साली सभेच्या वतीने ईस्ट इंडिया कंपनीकडे ३,००० पूवराहन, म्हणजे दक्षिणेतील सोन्याचे होन, कायमच्या व्याजाने ठेवण्यात आले होते. ते व्याज घेण्याचा हक्क कोणाचा, या निमित्ताने १९१३ मध्ये खटला उभा राहिला आणि वरच्या न्यायालयांत फिरत तो १९२८ पर्यंत चालला. पैशाच्या या दाव्याआड खरा प्रश्न सभेच्या अधिकाराचा होता. खरा बिशप कोण, बहिष्कार वैध होता काय, सुलतानाने मान्यता काढलेल्या पॅट्रिआर्कचा आध्यात्मिक अधिकार उरतो काय, असे प्रश्न वकिलांनी मांडले आणि न्यायाधीशांनी त्यांवर निर्णय दिले. न्यायाधीशांचा यात दोष नव्हता. सभेत शेवटचा शब्द कोणाचा हेच निश्चित नव्हते, म्हणून लोकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

बेथानी आश्रम

या धकाधकीतून फादर गीवर्गीस यांचे मन अधिकाधिक अंतर्मुख होत गेले. १९१३ साली ते बंगालमधील सेरामपूर कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. विल्यम कॅरी यांचे हे गाव मराठी वाचकांना परिचित आहे. मराठी भाषेचे कॅरीकृत व्याकरण १८०५ साली तेथील छापखान्यात छापले गेले. तेथे फादर गीवर्गीस यांनी केरळहून आणलेल्या तरुण-तरुणींना शिक्षण दिले आणि पूर्वेकडील महान संन्यासी संत बझिल यांच्या नियमांचे मनन केले. सभेला आणखी एक पुढारी नको आहे, तिला प्रार्थना करणारी माणसे हवी आहेत, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

१९१९ साली सेरामपूरची प्राध्यापकी सोडून ते केरळात परतले आणि १५ ऑगस्ट रोजी रान्नीजवळच्या पेरुनाड येथील डोंगराळ रानात त्यांनी बेथानी आश्रमाची स्थापना केली. बेथानी हे मार्था, मरिया आणि लाजरस यांचे गाव. मार्थाची सेवा आणि मरियेचे मनन यांचा मेळ तेथे घालावयाचा होता. भारतीय संन्याशाप्रमाणे त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी काषाय वस्त्र धारण केले आणि साधे शाकाहारी अन्न व कष्टाचे जीवन स्वीकारले. १९२५ साली तिरुमूलपुरम येथे स्त्रियांसाठी बेथानी मठ उभा राहिला. त्याच वर्षी १ मे रोजी निरणम येथे त्यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली आणि ते मार इवानियोस झाले. सिरियाक भाषेत 'मार' म्हणजे स्वामी.

रोमशी पत्रव्यवहार

बिशप झाल्यावर सभेच्या भवितव्याची जबाबदारी त्यांच्याही खांद्यावर आली. १९२६ साली परुमला येथे त्यांच्या पक्षाच्या बिशपांची बैठक झाली. रोमशी पुनर्मीलनाची शक्यता पडताळण्यासाठी मार इवानियोस यांनी पत्रव्यवहार करावा, असे या बैठकीत ठरल्याची नोंद मलंकरा कॅथलिक इतिहासात आहे. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. आमची प्राचीन अंत्युखीय उपासना शुद्ध स्वरूपात राहावी, आणि पुनर्मीलित होणाऱ्या बिशपांचा आपल्या लोकांवरील अधिकार कायम राहावा.

या दोन मागण्यांमागे १५९९ ची आठवण उभी होती. जे पूर्वी बळाने हिरावून घेण्याचा प्रयत्न झाला, ते आता रोम सुरक्षित ठेवील काय? या प्रश्नाच्या उत्तरावर सर्व काही अवलंबून होते. रोमने घाई केली नाही. चौकशी झाली, शंकानिरसन झाले, आणि ४ जुलै १९३० रोजी पोप अकरावे पायस यांनी मंजुरी दिली. उपासना तीच राहणार होती. त्यांचा स्नानसंस्कार, गुरुपद व बिशपपद वैध मानण्यात आले. कोणालाही पुन्हा दीक्षा घ्यावी लागणार नव्हती.

दरम्यान १९२८ साली न्यायालयाचा निकाल मार इवानियोस यांच्याच पक्षाच्या बाजूने लागला होता. व्यवहारी दृष्टीने पाहिले तर आता सभा बदलण्याचे काहीच कारण उरले नव्हते. ज्यांच्यासोबत ते वाढले तो पक्ष जिंकला होता, आणि त्या पक्षात त्यांचे स्थान मोठे होते. या निकालानंतर इतर बिशपांनी पुढे पाऊल टाकले नाही. ज्यांच्याशी पिता-पुत्राचे नाते होते, त्या वट्टशेरिल मार दियोनिसियोस यांची वाटही वेगळी झाली. तेही श्रद्धावान व तपस्वी धर्माधिकारी होते. मलंकरा ऑर्थोडॉक्स सभेने त्यांना २००३ साली संत म्हणून घोषित केले आहे. म्हणून ही कथा चांगल्या आणि वाईट माणसांची नाही. एकाच प्रभूवर प्रेम करणाऱ्या माणसांच्या ताटातुटीची ही कथा आहे आणि त्यामुळेच ती अधिक वेदनादायी आहे.

२० सप्टेंबर १९३०

मार इवानियोस यांनी पेरुनाडचा आश्रम सोडला. स्वतःच्या हातांनी रान साफ करून उभारलेल्या त्या वास्तूवर त्यांनी हक्क सांगितला नाही की न्यायालयात दावा लावला नाही. जे बंधू ऑर्थोडॉक्स सभेत राहिले, त्यांच्या हाती तो राहिला. आजही पेरुनाड येथे ऑर्थोडॉक्स परंपरेचा बेथानी आश्रम आहे. मालमत्तेसाठी पंधरा वर्षे चाललेला खटला ज्यांनी जवळून पाहिला होता, त्यांनी मालमत्तेवर पाणी सोडून ऐक्याचा प्रवास सुरू केला.

२० सप्टेंबर १९३० रोजी कोल्लम येथील बिशप हाऊसच्या प्रार्थनालयात बिशप अलोयसियस बेंझिगर यांच्यासमोर पाच जणांनी कॅथलिक श्रद्धेची कबुली दिली. त्यांत मार इवानियोस, त्यांचेच शिष्य व तिरुवल्लाचे बिशप जेकब मार थेओफिलोस, एक धर्मगुरू, एक दिकॉन आणि एक प्रापंचिक होते. बेंझिगर हे मूळचे स्वित्झर्लंडचे, कार्मेल संघाचे व लॅटिन विधीचे बिशप. त्यांनी या पाच जणांना बंधू म्हणून कवटाळले. सोहळ्याला गर्दी नव्हती. परंतु बिशप, धर्मगुरू, दिकॉन आणि प्रापंचिक असे ख्रिस्तसभेचे संपूर्ण रूपच जणू त्या लहानशा जागेत एकत्र आले होते. बेथानीच्या भगिनींनीही पुढे हीच वाट धरली.

त्यानंतरची वर्षे खडतर होती. मंदिरे नव्हती, उत्पन्न नव्हते. अनेक ठिकाणी झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवात पवित्र मिस्सा अर्पण होत असे. जुन्या मित्रांनी पाठ फिरवली होती. तरीही लोक येत राहिले. १९३२ साली मार इवानियोस रोमला गेले आणि पोप अकरावे पायस यांच्याकडून त्यांनी आर्चबिशपपदाचे चिन्ह असलेले पॅलियम स्वीकारले. त्याच वर्षी डब्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेलाही ते उपस्थित राहिले. ११ जून १९३२ च्या आदेशाने सिरो-मलंकरा सभेची अधिकृत रचना झाली आणि ११ मे १९३३ रोजी त्यांनी त्रिवेंद्रमच्या आर्चबिशपपदाची सूत्रे हाती घेतली. १९३७ आणि १९३९ साली मार सेवेरियोस व मार दियोस्कोरोस हे आणखी दोन बिशप पुनर्मीलनात सामील झाले.

काषाय वस्त्रातील या आर्चबिशपांनी शाळा काढल्या, धर्मग्राम उभे केले आणि १९४९ साली त्रिवेंद्रम येथे महाविद्यालय स्थापन केले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १५ जुलै १९५३ रोजी त्यांनी देह ठेवला. पट्टम येथील कॅथिड्रलमध्ये त्यांची समाधी आहे. दरवर्षी जुलै महिन्यात हजारो भाविक पेरुनाडहून पायी चालत या समाधीच्या दर्शनाला जातात. जो आश्रम त्यांना सोडावा लागला, त्याच गावातून ही पदयात्रा निघते. २००५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांच्या सभेला मेजर आर्चबिशपच्या अधिपत्याखालील स्वायत्त ख्रिस्तसभेचा दर्जा दिला. २००७ साली मार इवानियोस यांना 'देवाचा सेवक' म्हणून घोषित करण्यात आले.

अधिकार कशासाठी?

या जीवनातून कॅथलिक शिकवणुकीचे एक महत्त्वाचे सत्य स्पष्ट होते. प्रभू येशूने आपल्या शिष्यांसाठी एकतेची प्रार्थना केली, आणि त्याच प्रभूने पेत्राच्या हाती किल्ल्या देऊन बंधूंना स्थिर करण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपविली. या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. पेत्राचा अधिकार ऐक्यासाठी दिलेला आहे. ऐक्य ही नुसती भावना राहिली, तर पहिल्याच मोठ्या मतभेदात ती विरून जाते. कुटुंबात वाद झाला असता ज्याचा शब्द सर्वजण मानतील असे कोणी वडीलधारे नसेल, तर भावांना एक दिवस वकिलाकडे जावे लागते. केरळमधील पॅट्रिआर्क व कॅथोलिकोस यांच्या अनुयायांमधील वाद १९५८, १९९५ आणि २०१७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांपर्यंत पोहोचला. हे आपण दुःखाने नमूद करतो. त्यात आनंद मानण्यासारखे काहीही नाही.

आपल्या घरातही भांडणे झाली आहेत. मुंबई आणि साष्टी भागातील आपल्या पूर्वजांनी पाद्रोआदो आणि प्रोपागांडा यांचा दुहेरी अधिकार अनुभवला आहे. एकाच गावात दोन अधिकार, दोन चर्च, आणि त्यांवरून भाऊबंदकी! तो तिढा १९२८ साली परमाचार्यांचे पीठ आणि पोर्तुगाल यांच्यातील कराराने सुटला. तेव्हाही लोकांची मने दुखावली होती, परंतु निर्णय मानला गेला आणि पुढच्या पिढ्या एका धर्मप्रांतात वाढल्या. आजही कॅथलिक सभेत उपासनेच्या पद्धतीवरून कटुता निर्माण होते. अधिकार असला म्हणजे मतभेद होत नाहीत, असे नाही. मतभेद झाल्यावरही एका वेदीपाशी राहता यावे, यासाठी तो असतो.

मार इवानियोस यांच्या जीवनाची दुसरी शिकवण अधिकार चालवणाऱ्यांसाठी आहे. १५९९ आणि १९३० या दोन्ही वर्षी ऐक्याचाच हेतू होता. पहिल्या वेळी अधिकाराने सारखेपणा मागितला आणि ५४ वर्षांत सभा दुभंगली. दुसऱ्या वेळी अधिकाराने ऐकून घेतले, वेगळेपण जपण्याचे वचन दिले आणि ते पाळले. आज खडकीतील वेदीवर जी अंत्युखीय उपासना चालते, ती त्या पाळलेल्या वचनाची साक्ष आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी पूर्वेकडील कॅथलिक सभा आणि ख्रिस्ती ऐक्य या विषयांवर एकाच दिवशी आदेश प्रसिद्ध केले. पूर्वेकडील परंपरा हा संपूर्ण ख्रिस्तसभेचा ठेवा आहे, असे तिने शिकवले आणि विभक्त बंधूंशी संवादाचा मार्ग दाखवला. १९८९ पासून कॅथलिक व मलंकरा ऑर्थोडॉक्स सभांमध्ये अधिकृत संवाद सुरू आहे. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी व मनुष्यत्वाविषयी आपली श्रद्धा एकच आहे, असे १९९० साली दोन्ही बाजूंनी संयुक्तपणे जाहीर केले. पंधरा शतकांचा गैरसमज शांतपणे एकत्र बसल्याने दूर होऊ शकला.

बंधुभगिनींनो, दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या काळात आपण ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना करतो. बहुतेक धर्मग्रामांत ती एका संध्याकाळच्या कार्यक्रमापुरती मर्यादित राहते. या वर्षी आपण थोडे पुढे जाऊ या. पुणे परिसरातील भाविकांनी एखाद्या रविवारी खडकीच्या मलंकरा बांधवांच्या उपासनेत सहभागी व्हावे. शेजारच्या ऑर्थोडॉक्स किंवा प्रॉटेस्टंट कुटुंबाविषयी बोलताना आपल्या जिभेवर ताबा ठेवावा. आपल्या धर्मग्रामातील वाद असेल, तर तो आधी धर्मगुरूंपुढे आणि बिशपांपुढे मोकळेपणाने मांडावा, त्यांचा निर्णय आपल्या मताविरुद्ध गेला तरी चर्चची पायरी सोडू नये. आम्हा धर्मगुरूंनीही निर्णय देण्याआधी कान उघडे ठेवावेत.

आणि प्रार्थनेत मार इवानियोस यांचे स्मरण करावे. जिंकलेला पक्ष, उभारलेला आश्रम आणि जिवलग माणसे सोडून ज्यांनी पेत्राच्या वारसाशी सहभागिता स्वीकारली, ते वंदनीय मेंढपाळ ख्रिस्ताच्या विभागलेल्या कळपासाठी पित्याजवळ मध्यस्थी करोत.